हरण्या, फरदड आणि तिसरं बोअर: दम कधी धरायचा, कधी सोडायचं

चोपडा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: तीन एकरांत जूनअखेर केळीच्या ग्रँड नैन जातीची टिश्यू (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लावली, पाच बाय पाच फुटांवर, साधारण ५,२०० खोडं. ऑगस्टच्या शेवटी पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले. मोजली तर ३४० झाडं निघाली. वडील, म्हणजे आप्पा, म्हणतात, 'दम धर, बाग सुधरी जाई.' त्यांनी पूर्वी एका थंडीत, अख्खं गाव बागा मोडत असताना, आपली बाग राखली होती आणि चांगली रास, म्हणजे घडांचं सरासरी वजन, घेतली होती. दुसऱ्या शेतात मे महिन्यात ठिबकवर लावलेली कपाशी आहे, मागच्या वर्षीची फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवली होती, म्हणजे हंगाम संपल्यावरही जादा वेचणीसाठी राखलेली फरदड. दोन बोअर कोरडे गेले, तिसऱ्यावरून घरात वाद आहे. मधूनच वाटतं, सगळं सोडून पुण्याला जावं. चिकाटी आणि हट्ट यातला फरक ओळखायचा कसा?

भाऊ, तुम्ही चार प्रश्न एका दमात विचारलेत. चारही वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगवेगळी येणार. पण ती काढायची रीत एकच आहे. कृषी खात्यात असताना आणि आता खासगी सल्ला देतानाही मी बागेत शिरलो की आधी एवढंच बघतो: येणारे पंधरा दिवस कोणाचं काम करणार आहेत, झाडाचं की रोगाचं? झाडाचं करणार असतील तर कोणी कितीही घाबरवलं तरी थांबायचं. रोगाचं करणार असतील तर एक दिवसही थांबायचं नाही. झाड आज किती वाईट दिसतंय, यावरून हे कळत नाही. फार वाईट दिसणारी बाग उभारी धरते आणि वरवर हिरवी दिसणारी हातची जाते.

आता तुमची केळी. पानांवर शिरांना समांतर पिवळे पट्टे, कडा आत वळलेल्या, पान कडक, काही झाडांचा पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडू लागलेला, असं असेल तर तो हरण्याच, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, सीएमव्ही. ढगाळ हवा, रिमझिम पाऊस, चोवीस अंशांच्या आसपास तापमान असलं की तो जोर करतो. म्हणजे आपल्याकडचा श्रावण-भाद्रपद. २०२० आणि २०२२ मध्ये रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात लोकांनी बागांच्या बागा उपटल्या, ते तुम्ही पाहिलंच असेल.

दुकानदार सांगणार नाही ते आधी सांगतो. विषाणू शिरलेलं झाड कोणत्याही फवारणीने बरं होत नाही. टॉनिक मारलं, सूक्ष्म अन्नद्रव्यं दिली, बुरशीनाशक फवारलं, तरी नाही. नवं पान थोडं हिरवं निघतं, ऊन वाढलं की लक्षणं दबतात आणि माणसाला वाटतं गुण आला. विषाणू आतच असतो. पुढे त्याला घड येतोच असं नाही, आला तर फण्या वाकड्या-तिकड्या, आणि असा घड व्यापारी पट्टीत, म्हणजे विक्रीच्या पावतीत, धरत नाही.

दुसरी गोष्ट, मावा. हा रोग मावा पसरवतो आणि त्याला त्यासाठी दिवसभर झाडावर बसावं लागत नाही. काही सेकंद सोंड खुपसली की विषाणू सोंडेला लागतो आणि पुढच्या झाडावर सोंड टेकवली की तिथे उतरतो. कीटकनाशकाने मावा मरतो, पण मरायच्या आधी त्याचं काम झालेलं असतं. म्हणून फवारणीने माव्याची संख्या कमी होते, रोग थांबत नाही. रोग थांबतो विषाणूचं कोठार बागेतून गेल्यावर. तुमच्या बागेत आज अशी ३४० कोठारं उभी आहेत. शिवाय कपाशीवरचा मावा हाच या विषाणूचा एक मोठा वाहक आहे, आणि तुमच्या दुसऱ्या शेतात कपाशीच आहे.

हिशोब मांडू. रास अठरा किलोची धरा, जास्त नको. ३४० झाडं उपटली तर फार तर ६१ क्विंटल माल गेला, तोही कागदावर, कारण त्या झाडांना तसा माल येणारच नव्हता. उरली ४,८६० झाडं, म्हणजे साधारण ८७५ क्विंटल. तुमच्या घरात वाद चाललाय तो ६१ क्विंटलवर, आणि पणाला लागलेत ८७५. आप्पांपुढे हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा.

उपटायचं कसं, तर आधी माव्यासाठी फवारणी, म्हणजे झाड हलवताना मावा उडून शेजारी जाणार नाही. मग झाड कंदासकट काढा. नुसतं कापलं तर कंदातून पील, म्हणजे नवा कोंब, फुटते आणि तीही रोगटच असते. काढलेलं झाड बांधावर टाकू नका. लोक हमखास तेच करतात. शेताबाहेर खड्ड्यात गाडा किंवा जाळा. उपटण्याआधी फोटो काढा, कृषी सहायकाला कळवा, पंचनामा होत असेल तर करून घ्या, पण पंचनाम्याची वाट बघत आठ दिवस रोग सांभाळू नका. हवामान आधारित फळपीक विमा थंडी, उष्णता, वारा, गारपीट यांसाठी आहे, हरण्या त्यात बसत नाही. बांधावरचं तण काढा. बागेत किंवा शेजारी काकडी, भोपळा, टरबूज, मिरची, टोमॅटो, वांगी यातलं काही असेल तर तेही काढा, कारण विषाणू त्यांच्यावरही जगतो. आंतरपीक म्हणून काकडी लावून दोन पैसे काढू, हा विचार या पट्ट्यात फार महाग पडतो.

मग दर चार-पाच दिवसांनी फेरी. प्रत्येक ओळ, प्रत्येक झाड, सकाळच्या उन्हात. सापडेल ते त्याच दिवशी बाहेर. प्रत्येक फेरीचा आकडा लिहून ठेवा, कारण पुढचा निर्णय त्या आकड्यांवर आहे. ३४० नंतर ९०, मग ४०, मग १२, असा उतार लागला तर बाग तुमची आहे. मग कोणी काहीही म्हणो, दम धरा, खत-पाणी चालू ठेवा. आकडा चढतच राहिला आणि बाग तीन महिन्यांची व्हायच्या आत चौथा हिस्सा झाडं गेली, तर पूर्ण बाग मोडा. चौथा हिस्सा हा माझा अंदाज आहे, संशोधन केंद्राचा नियम नव्हे. पण तेवढी झाडं गेली की जागोजाग मोकळ्या जागा पडतात, उरलेल्यांची निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, मागेपुढे होते, कटाई तुकड्यातुकड्यात येते आणि व्यापारी भाव पाडतो. बाग मोडली म्हणून शेत मेलं असं होत नाही. ठिबक तिथेच आहे, दिलेलं खत बरंचसं मातीत आहे, ऑक्टोबरअखेर त्यावर हरभरा उभा राहतो. हे वर्ष केळीचं नसेल, एवढंच.

मोकळ्या झालेल्या जागी लगेच छोटी टिश्यू रोपं लावायचा मोह होईल. सत्तर दिवसांच्या बागेत ती सावलीत दबतात, आणि कोवळ्या रोपावर मावा जास्त बसतो. लावायचीच तर पिशवीत वाढवलेली मोठी रोपं, तीही फेऱ्यांचा आकडा खाली आल्यावर. नाहीतर जागा मोकळी राहू द्या.

आता आप्पांचं. त्यांना हट्टी म्हणू नका, कारण त्यांनी त्या थंडीत केलं ते अगदी बरोबर होतं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, निसवणारा घड पोंग्यात अडकतो. बाग बघवत नाही. पण थंडी हा रोग नाही, ती जाणारच असते. रात्री पाणी, पहाटे धूर, आणि बाग फेब्रुवारीत परत हलायला लागते. तिथे येणारे पंधरा दिवस झाडाचं काम करत होते. आप्पांनी बाग राखली आणि गावाने घाई केली. तोच अनुभव ते आता हरण्याला लावताहेत, आणि इथे दिवस उलटे चालतात. अनुभवी माणूस फसतो तो असाच: धडा खरा असतो, पण दुसऱ्या दुखण्याचा. त्यांना एवढंच विचारा की त्या वर्षी पिवळं झाड शेजारच्या झाडाला पिवळं करत होतं का?

वादळाचंही तसंच. जूनच्या वाऱ्यात बाग आडवी झाली की माणूस हबकतो. पण खोड मोडलं तरी कंद जिवंत असतो. घडाची खोडं कापून चांगली पील राखली की खोडवा, म्हणजे त्याच कंदाचं पुढचं पीक, येतो. तेव्हा ट्रॅक्टर घालून सगळं उलथणं म्हणजे जिवंत गोष्ट मारणं. पानांवर डाग पाडणाऱ्या करप्याचंही ऐकून ठेवा: तो बुरशीचा आहे, रोगट पानं कापून आणि वेळेवर फवारून आटोक्यात येतो, त्याच्यासाठी कोणी बाग मोडू नये.

कपाशीचं लवकर सांगून टाकतो, कारण तिथे मला शंकाच नाही. फरदड ठेवू नका. मागच्या फेब्रुवारीपर्यंत ठेवली तेव्हा शेवटच्या वेचण्यांत किती किलो निघाला, वेचणीची मजुरी किती गेली, पाण्याच्या किती पाळ्या गेल्या, हे वहीत असेल तर बघा. नसेल तर तेवढ्यावरूनच ओळखा. फरदडीचा कापूस डोळ्यांना दिसतो, तिचा खर्च दिसत नाही. त्यात सगळ्यात मोठा खर्च म्हणजे गुलाबी बोंडअळी. ती बोंडाच्या आत असते, फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. हंगाम लांबला की तिला नवी बोंडं मिळत राहतात, आणि शेवटी ती सरकीत, वाळक्या बोंडात, पऱ्हाटीत म्हणजे वाळलेल्या झाडांत सुप्त पडून पुढच्या हंगामाची वाट बघते. बोंडअळीला तोंड देणारी बीटी कपाशी आली २००२ मध्ये, तिची दुसरी पिढी बोलगार्ड दोन २००६ मध्ये, आणि २०१७ मध्ये याच अळीने महाराष्ट्रभर काय केलं ते सगळ्यांनी भोगलं. लांबलेल्या फरदडीचा त्यात हात होता. मे महिन्यातल्या लागवडीचाही होता, कारण लवकर आलेली फुलं हे पहिल्या पतंगांचं पहिलं जेवण. तुमच्याकडे ठिबक आहे, म्हणून मे धरलात, हे समजतं. पुढच्या वर्षी जून धरा.

यंदा काय? पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावले नसतील तर आजच लावा. एका सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन दिवस सापडले, किंवा दहा टक्के फुलं डोमकळ्या (अळीमुळे न उमलता मिटलेली) निघाली, किंवा वीस हिरवी बोंडं फोडून दोनांत जिवंत अळी दिसली, तर फवारणीची वेळ आली असं समजा. त्याआधी उगाच फवारू नका. आणि कपाशी मोडायची तारीख आत्ताच ठरवा, आज, कपाशी बोंडांनी लगडलेली असताना. तुमची मेची आहे, मी नोव्हेंबरचा मध्य म्हणेन. त्यापुढे उशिरा पेरायच्या गव्हाला डिसेंबरच्या पंधरवड्यापर्यंत वेळ असतो. प्रत्येक पुढची वेचणी तुम्ही त्या गव्हाच्या जागेवर घेत असता. शेताला भाडं लागत नाही म्हणून हे ध्यानात येत नाही. मोडल्यावर पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचून ठेवू नका. सरपणाला लागते हे मला माहीत आहे, पण त्यातच अळी बसलेली असते. कुट्टी करून जमिनीत घाला.

तारीख आधी ठरवायला का सांगतो? नोव्हेंबरात उभ्या कपाशीसमोर उभा राहिलेला माणूस नि:पक्षपाती नसतो. वरच्या शेंड्याला चार बोंडं दिसतात आणि तो म्हणतो, एक वेचणी अजून. आठ दिवसांनी परत चार बोंडं दिसतात. सप्टेंबरात ठरवलेली तारीख त्याला त्या चार बोंडांपासून वाचवते. केळीत चौथ्या हिश्शाचा आकडा आधी सांगितला तोही याचसाठी.

बोअर. इथे लोकांना बोअर सोडवत नाही, आणि कारण बहुधा एकच असतं: दोनांत एवढे गेले, आता तिसरं घेतलं नाही तर ते वाया. दोन बोअरचे पैसे वाया गेलेत, भाऊ. तिसऱ्याला पाणी लागलं तरी ते परत येणार नाहीत. तिसऱ्याचा विचार असा करा की पहिली दोन शेजाऱ्याने घेतली होती आणि ती कोरडी गेली. आता स्वतःच्या पैशाने तिसरं घ्याल का? आता कोरड्या गेलेल्या दोन बोअरांची माहिती तुमच्या कामाला येते, त्यांचा खर्च नाही. बोअरच्या गाडीवाल्याने किती फुटांवर काय लागलं ते लिहून दिलं असेल तर ते चिठोरं जपा. रेती, गोटे, चिकण माती, कोणत्या खोलीला ओल, हे तिसऱ्या जागेपेक्षा महत्त्वाचं.

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, जमीन गाळाची आणि गोट्यांची आहे. पाणी पूर्वी वर होतं, उपसा वाढला तसं खाली गेलं. रावेर आणि यावल तर अतिशोषित तालुक्यांत गणले गेलेत. खोल गेलं की काही वर्षं पाणी लागतं, मग शेजारी त्याहून खोल जातो. तापीच्या दक्षिणेला, धुळ्याकडे, गोष्ट वेगळी: काळा पाषाण. तिथे पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. घट्ट दगड लागल्यावर आणखी शंभर फूट गेलात तर बहुतेक वेळा धूळच वर येते. नारळ हातात धरणाऱ्या पाणाड्याला विचारायचं असेल तर विचारा, तुमची श्रद्धा. पण पैसे देण्याआधी भूजल सर्वेक्षणाच्या माणसालाही विचारा आणि गावातल्या विहिरींची मार्चमधली पातळी स्वतः मोजा.

माझं मत: तिसरं बोअर घेऊ नका. पाण्याचा नाद मात्र सोडू नका. त्याच पैशातला काही हिस्सा जुन्या विहिरीच्या पुनर्भरणावर घाला. शेतातलं पावसाचं पाणी गाळणीच्या खड्ड्यातून विहिरीत सोडा, कोरडं बोअरही भरणासाठी वापरता येतं. पायथ्याची गोटाळ जमीन पाणी झपाट्याने गिळते, म्हणून तुमच्याकडे याचा गुण लवकर दिसतो. शेजारच्या शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले रुंद आणि खोल करून, सिमेंटचे बंधारे घालून पाणी जिरवलं गेलं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांचं ते काम, आणि त्यामागे अमरीशभाई पटेल यांचा पाठिंबा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून जंगल राखलं, तेव्हा कुठे पाणी परतलं. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या दोन्ही ठिकाणी पहिल्या दोन-तीन वर्षांत कोणी वेड्यात काढलं असेल तर नवल नाही. पण तिथे दरवर्षीचा पाऊस त्यांचं काम पुढे नेत होता. खोल बोअरमध्ये दरवर्षीचा उपसा तुमचं काम मागे नेतो.

सोडणं म्हणजे सगळं सोडणं असं कोणी मानून बसलं असेल तर ते चूक. जळगावच्या भवरलाल जैनांनी १९७८ मध्ये केळीची पावडर करणारा कारखाना घेतला. पावडर धरून बसले नाहीत, तिथेच पपईच्या चिकापासून पपेन बनवायला घेतलं. कारखाना ठेवला, माल बदलला. तुमच्यापुढेही बहुतेक ठिकाणी असंच आहे: झाडं जातील, बाग राहील. बाग गेली तर शेत राहील. तिसरं बोअर जाईल, पाण्याचं काम राहील. काय सोडायचं ते नीट वेगळं करा, म्हणजे सोडताना जीव कमी तुटतो.

राहिलं पुण्याचं. त्याचं उत्तर मी आत्ता देणार नाही, आणि तुम्हीही ठरवू नका. रोगट बागेत उभं राहून, कर्जाचा हप्ता डोक्यात असताना शेती सोडायचा निर्णय घेणं हे थंडीत पिवळी पडलेली बाग मोडण्यासारखंच आहे. आणि एका भावात केळी चांगली गेली म्हणून कायमचं राहायचं ठरवणं त्याहून वाईट. बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव एका आठवड्यात माणसाला राजा करतो आणि दुसऱ्यात रंक. तो निर्णय घ्यायचा बागेची कटाई संपल्यावर, मागच्या तीन वर्षांच्या पट्ट्या आणि खर्च समोर ठेवून. त्यात स्वतःची आणि घरच्यांची मजुरी धरा, सालदाराला देता त्या दराने. ती धरल्याशिवाय शेती नेहमीच परवडते. ती धरूनही तीन वर्षांत काही उरलं नसेल, आणि पीक, लागवडीची वेळ, पाणी यातलं काही बदलून फरक पडण्यासारखं उरलं नसेल, तर पुण्याला जाण्यात कमीपणा नाही. शेत बटाईने देऊन जा, विकून नको, निदान पहिली दोन वर्षं. आणि हे आप्पांना शेवटी नाही, आधी सांगा. वह्या काढून बसाल तेव्हा त्यांना शेजारी बसवा, कारण कोणत्या वर्षी खर्च लपला आहे ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.